पेव

पुड्यातलं मीठ सोडून तीन आठवडे झाले होते.
सैंधव चालायचं,
मासळी नाही, अंडं नाही, बेकरीचा पाव नाही.
गळ्यातली गाठ काढली त्याची शिवण
मंगळसूत्राखाली लपते, असं जाऊ म्हणाली.
तेवढंच तिला बोलायला सापडलं.

मग मिरजेला, जिन्याखालच्या शेवटच्या खोलीत
नायकवडी सरांनी शिशाचं भांडं टेबलावर ठेवलं.
दोन्ही हातांनी उचलावं लागलं त्यांना,
आणि आत काय, तर एक कॅप्सूल,
सर्दीला देतात तसली.
"बोट लावू नका. नळीतून थेट तोंडात, वर पाणी."
एवढं सांगून ते मागं सरले,
नैवेद्य ठेवून पडदा ओढतात तसे,
आणि जाड दार लागलं.

गिळलं. काहीच झालं नाही.
गरमसुद्धा लागलं नाही.

तीन दिवस लिंबाच्या गोळ्या चघळत बसले.
तांब्यावर तांब्या पाणी,
संडासात दोनदा पाणी सोडायचं, आठवणीनं.
ताट दाराबाहेरच्या स्टुलावर यायचं,
ठेवणारीची पावलं पळत जायची.
राग नाही आला.
मी अण्णांची पोरगी. लांब पळणारी पावलं मला माहीत आहेत.

अण्णा हरिपुरात पेवं उघडायचे.
तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट खोलीएवढं,
भिंतीला पाचट, वर माती लिंपलेली,
आत वर्षानुवर्षं हळद.
तोंड फोडलं की अण्णा सगळ्यांना लांब पिटाळायचे,
दुपार कलल्यावर दोरीला कंदील बांधून सोडायचे.
विझला, की उद्या.

एकदा दलालाला घाई होती. ट्रक उभा होता.
गणपा दुधाळ उतरला.
वर आला तो दोरीनंच.
केसांत, कानांत, नखांत हळद,
लग्नाच्या आदल्या दिवशी असते तेवढी.

रात्री ताटावर बसून अण्णा एवढंच बोलले,
"ज्या हवेनं किडा मरतो, तिच्यावरच माल टिकतो.
पेवाला काय कळतंय, किडा कोण नि गणपा कोण."

पुरात ती पेवं खचली. आता तिथं गाड्या लावतात.

कॅप्सूलला मात्र कळतं, सर म्हणाले.
गळ्यातलं जे सुटून कुठं कुठं दडलंय
तिथंच ती जाऊन बसते.
खरंच बसली का, ते पुढच्या फोटोत दिसेल.
शेजारी उभ्या माणसाला तेवढी ती ओळखत नाही.

तिसऱ्या दिवशी सर यंत्र घेऊन दारात आले.
कटकट कटकट, मग जरा कमी.
कंदिलाच्या उलटं आहे हे:
जितकं गप्प, तितकी हवा चांगली.

"आठ दिवसांत अर्धं होतं. पुढच्या आठात त्याचं अर्धं."
"मग संपतं कधी?"
"संपत नाही तसं. मोजायला उरत नाही."
वखारीत सव्वीस वर्षं पोत्यांची घट लिहिली मी.
हिशेब समजला.

घरी मागची खोली. माझं ताट वेगळं, बादली वेगळी.
पोटुशी लेक तासगावलाच थांबली.
सुनेनं उंबऱ्यापासून चार हातांवर खडूची रेघ ओढली
आणि जुईला सांगितलं, याच्या पुढं नाही.
जुई सहा वर्षांची. रेघेवर बसून रोज गोष्ट मागायची.
एकदा मी पेवाची सांगितली,
गणपाला वगळून.

अकराव्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली.
फरशीवरून काहीतरी सरपटत आलं.
बापाच्या फूटपट्टीनं ढकललेली, सुतळी बांधलेली
किल्ल्यांच्या जुडग्यातली बॅटरी, पेटलेली.
माझ्या पायाशी येऊन थांबली.
मी श्वास धरून बसले, का कुणास ठाऊक.

मग सुतळी ताणली, उजेड मागं मागं गेला.
"आजी, विझली नाही. येऊ?"

"नाही गं बाई. अजून चार दिवस."

अंधारात बराच वेळ काही नाही.
मग बॅटरी परत आत आली.